बायोमेट्रिक एसडीके ॲपमध्ये बसलं. आता सर्व्हरने कशावर विश्वास ठेवायचा?

कळफलक (धागाकर्ती):

नमस्कार मंडळी. आमच्या ॲपच्या अँड्रॉइड आणि आयओएस अशा दोन्ही आवृत्त्यांना बायोमेट्रिक पडताळणी जोडायचं काम माझ्याकडे आलं आहे. गरजा दोन आहेत. एक, आधी नोंदणी झालेला माणूस एखादा संवेदनशील व्यवहार करताना बोट किंवा चेहरा दाखवून मंजुरी देईल. दोन, नवीन नोंदणी करताना समोरच्या माणसाचा जिवंत चेहरा त्याच्या ओळखपत्रावरच्या फोटोशी जुळवून बघायचा आहे. दुसऱ्या कामासाठी एका पुरवठादाराचं एसडीके (ॲपमध्ये जोडायचा तयार कोडसंच) घेतलं आहे आणि त्यांचं नमुना ॲप व्यवस्थित चालतं.

अडचण पुढे आहे. नमुना ॲपमध्ये 'यशस्वी' असा कॉलबॅक (एसडीकेने ॲपला दिलेलं उत्तर) आला की ॲप सर्व्हरला जेसनमधून (माहिती पाठवायच्या मजकूर-रूपातून) 'पडताळणी झाली' एवढंच कळवतं. पुरवठादाराची एपीआय की, म्हणजे त्यांची सेवा वापरायची गुप्त किल्ली, तीसुद्धा ॲपच्या कोडमध्येच लिहिलेली आहे. आमच्या सर्व्हर पथकाने हे साफ नाकारलं. त्यांचा आक्षेप मला पटतो, पण त्याऐवजी नेमकं काय पाठवायचं हे सलग लिहिलेलं कुठे सापडत नाही. सर्व्हरच्या हाती काय पडायला हवं? एपीआय की कुठे ठेवायची? कोणती विनंती आधी आणि कोणती नंतर? ज्यांनी हे प्रत्यक्ष जोडलं आहे त्यांनी जरा सविस्तर लिहावं.

सर्व्हरबाजू:

तुमच्या सर्व्हर पथकाचं बरोबर आहे, आणि ते अडून बसले हे चांगलं झालं. 'पडताळणी झाली' हा संदेश पाठवायला बोटही लागत नाही आणि फोनही लागत नाही. एपीआयचा पत्ता आणि लॉगिनचं टोकन माहीत असलेला कोणीही तो संदेश कमांड लाइनवरून पाठवू शकतो. फोन रूट केलेला (मूळ बंधनं काढून पूर्ण ताब्यात घेतलेला) असेल तर फ्रिडासारखं साधन वापरून कॉलबॅकचं उत्तर चालत्या ॲपमध्येच बदलता येतं. म्हणजे बायोमेट्रिकची खिडकी पडद्यावर दिसते, पण सर्व्हरच्या दृष्टीने सुरक्षेत काहीही भर पडलेली नसते.

तुमच्या दोन्ही गरजांना 'बायोमेट्रिक' म्हणतात, पण त्यांची जोडणी पूर्ण वेगळी आहे, म्हणून आधी त्या सुट्या करा. पहिल्या प्रकारात जुळणी फोनच्या आत होते. बोटाचा किंवा चेहऱ्याचा साचा फोनच्या सुरक्षित भागातून बाहेर येत नाही. तो तुमच्या ॲपलाही दिसत नाही, मग सर्व्हरला कुठून दिसणार? दुसऱ्या प्रकारात चेहऱ्याचं चित्रण फोनवर होतं, पण जुळणी सर्व्हरवर. तिथे सर्व्हरला प्रत्यक्ष पुरावा मिळतो आणि निकालही त्यालाच द्यायचा असतो.

पहिल्या प्रकाराबद्दल आधी लिहितो. बोट सर्व्हरला दिसत नसेल, तर बोटाशिवाय जी गोष्ट घडूच शकत नाही ती सर्व्हरने तपासायची. ती गोष्ट म्हणजे सही. नोंदणीच्या वेळी फोनच्या सुरक्षित हार्डवेअरमध्ये कीची जोडी तयार करायची: सही करणारी खाजगी आणि ती सही तपासणारी सार्वजनिक. खाजगी की तिथून कधीच बाहेर येत नाही, आणि बायोमेट्रिक यशस्वी झाल्याशिवाय हार्डवेअर ती वापरू देत नाही. सार्वजनिक की सर्व्हरकडे त्या खात्यावर नोंदवायची. पुढे प्रत्येक व्यवहाराला सर्व्हर एक ताजं यादृच्छिक चॅलेंज (सही करून परत पाठवायचा आकडा) देतो, माणूस बोट ठेवतो, की उघडते, ॲप चॅलेंजवर सही करून पाठवतं आणि सर्व्हर साठवलेल्या सार्वजनिक कीने ती तपासतो. सही जुळली म्हणजे ती की वापरली गेली, आणि की वापरली गेली म्हणजे त्या फोनवर बायोमेट्रिक यशस्वी झालं. इथे ॲपच्या शब्दावर काही अवलंबून राहत नाही.

चॅलेंजबद्दल थोडं आणखी, कारण माझ्या अनुभवात बहुतेक जोडण्या इथेच कच्च्या राहतात. चॅलेंज सर्व्हरनेच तयार करावं, ॲपने नाही. ते किमान १६ बाइट असावं. मी ३२ घेतो. सर्व्हरने ते साठवून ठेवावं, त्याला एकदोन मिनिटांची मुदत द्यावी आणि एकदा वापरलं की लगेच बाद करावं. 'तपासलं' आणि 'बाद केलं' या दोन पायऱ्या एकाच अणुव्यवहारात, म्हणजे मध्ये न तुटता एकदम व्हायला हव्यात, नाहीतर एकाच सहीच्या दोन विनंत्या एका वेळी आल्या तर दोन्ही पास होतात. आणि नुसत्या यादृच्छिक आकड्यांवर सही घेऊ नका. रक्कम, कोणाला, कोणतं खातं हे व्यवहाराचे तपशील चॅलेंजसोबत बांधून त्या सगळ्यावर सही घ्या. तसं केलं नाही तर माणसाने मंजुरी कशाला दिली याचा कोणताच पुरावा तुमच्याकडे उरत नाही.

हिरवा_रोबोट:

सर्व्हरबाजू यांनी लिहिलेलं अँड्रॉइडवर कसं उतरतं ते सांगतो.

बायोमेट्रिकप्रॉम्प्ट (बोट किंवा चेहरा मागणारी अँड्रॉइडची खिडकी) अँड्रॉइड ९ मध्ये आलं आणि जुनं फिंगरप्रिंटमॅनेजर तेव्हाच मोडीत निघालं. अँड्रॉइडएक्सची बायोमेट्रिक लायब्ररी वापरलीत तर अँड्रॉइड ६ पर्यंतचे फोन एकाच कोडमध्ये सांभाळता येतात. प्रॉम्प्ट दोन प्रकारे उघडता येतो: नुसता, किंवा क्रिप्टोऑब्जेक्ट देऊन. नुसता उघडला तर फक्त 'यशस्वी' असा कॉलबॅक मिळतो, म्हणजे धाग्याच्या सुरुवातीला वर्णन केलेला प्रकार. तुम्हाला हवा आहे क्रिप्टोऑब्जेक्टचा मार्ग, ज्यात कीस्टोअरमधल्या (अँड्रॉइडच्या की ठेवायच्या जागेतल्या) कीवर तयार केलेला सहीचा ऑब्जेक्ट प्रॉम्प्टला द्यायचा आणि यशानंतर तोच परत घेऊन त्यानेच सही करायची. की बनवताना 'वापरकर्त्याची ओळख आवश्यक' ही अट घाला आणि वेळेची सूट शून्य ठेवा, म्हणजे प्रत्येक सहीला नव्याने बोट लागेल.

अँड्रॉइडवर बायोमेट्रिकचे वर्ग असतात. कीस्टोअरमधली की उघडायचा अधिकार फक्त तिसऱ्या, म्हणजे 'स्ट्राँग' वर्गाला आहे. त्यात चुकीचा माणूस स्वीकारला जाण्याचं प्रमाण ५०,००० मध्ये एकापेक्षा जास्त चालत नाही आणि नकली बोट किंवा चेहरा स्वीकारला जाण्याचं प्रमाण ७ टक्क्यांच्या आत असावं लागतं. कित्येक फोनमधलं साध्या सेल्फी कॅमेऱ्याचं चेहरा-अनलॉक या वर्गात बसत नाही. म्हणून 'माझा फोन तर चेहऱ्याने उघडतो, तुमचं ॲप बोट का मागतं?' अशा तक्रारी नक्की येणार. मदत विभागाला हे आधीच समजावून ठेवा.

आणखी एक. फोनमध्ये नवीन बोट नोंदवलं की ही की कायमची बाद होते. हे मुद्दाम तसं केलेलं आहे, नाहीतर कोणीही स्वतःचं बोट त्या फोनमध्ये घालून मंजुरी देऊ शकेल. सही सुरू करतानाच 'की कायमची बाद' असा अपवाद येतो. तो पकडून माणसाला पुन्हा नोंदणीकडे न्या, आणि त्या पुनर्नोंदणीला पासवर्डखेरीज दुसरं काही ठोस मागा. काही ठिकाणी हा अपवाद नको म्हणून बोट वाढलं तरी की टिकवून ठेवण्याचा पर्याय निवडलेला मी पाहिला आहे. कृपया ते करू नका.

धारदार_कडा:

आयओएसकडून भर घालते.

इथे सोपा आणि फसवा मार्ग म्हणजे एलएकॉन्टेक्स्टला (आयओएसच्या बायोमेट्रिक तपासणीच्या घटकाला) 'धोरण तपास' सांगायचं आणि तो देईल ते हो-नाही उत्तर घेऊन पुढे जायचं. ॲपमधला एखादा पडदा झाकायचा असेल तर ते पुरेसं आहे, सर्व्हरला पटवायला नाही. सर्व्हरसाठी सिक्युअर एन्क्लेव्हमध्ये (ॲपल फोनच्या सुरक्षित हार्डवेअरमध्ये) पी-२५६ या गणिती वक्रावरची की बनवा आणि तिच्या प्रवेश-नियमात 'सध्या नोंदवलेले बायोमेट्रिक संच' ही अट घाला. मग चेहरा किंवा बोटं बदलली की तीही की निकामी होते, अगदी हिरवा_रोबोट यांनी सांगितलं तशीच. 'कोणतंही बायोमेट्रिक' ही सैल अट घातली तर तसं होत नाही.

इन्फो-पीलिस्टमध्ये (ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये) फेस आयडी का हवा याचं कारण लिहायला विसरू नका. ते नसेल तर फेस आयडी मागताक्षणी ॲप बंद पडतं. आणि अँड्रॉइडवर ॲप काढून टाकलं की त्याच्या कीही जातात, पण आयओएसवर कीचेनमधल्या (गुपितांच्या साठ्यातल्या) नोंदी ॲप काढल्यावरही सहसा मागे राहतात. म्हणून नवीन इन्स्टॉलनंतर पहिल्यांदा चालू होताना जुनी की सापडली, तर तिच्यावर भिस्त ठेवण्याआधी ती अजून ग्राह्य आहे का हे सर्व्हरला विचारा.

कळफलक (धागाकर्ती):

खूप आभार, चित्र बरंच स्पष्ट झालं. आता नेमका प्रश्न. वर सांगितल्याप्रमाणे दोन्हीकडे प्राथमिक कोड लिहिला. अँड्रॉइडची सही सर्व्हरवर पहिल्याच फटक्यात जुळली. आयओएसची जुळतच नाही. मुळात सार्वजनिक कीच सर्व्हरवर वाचली जात नाही, 'अवैध रचना' असं येतं. दोन्हीकडे वक्र पी-२५६ आणि हॅशची (मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा काढायची) पद्धत शा-२५६ च आहे.

धारदार_कडा:

तुमच्याकडे आयओएसवरून आलेली सार्वजनिक की ६५ बाइटची असेल बघा. पहिला बाइट ०४, पुढे वक्रावरच्या बिंदूचा ३२ बाइट क्ष आणि ३२ बाइट य. आयओएस ती अशी उघडी देतं. अँड्रॉइड तीच की एक्स-५०९ या मानकाच्या पाकिटात घालून ९१ बाइटमध्ये देतं. सर्व्हरवरच्या बहुतेक लायब्रऱ्यांना ते पाकीट हवं असतं. मधला फरक २६ बाइटचा, आणि पी-२५६ साठी तो मथळा ठरलेला, स्थिर असतो. तो ६५ बाइटच्या पुढे जोडा, किंवा ॲपलची क्रिप्टोकिट लायब्ररी वापरत असाल तर तिच्याकडून थेट डीईआर (बाइट मांडायची प्रमाण रचना) रूप मागा.

की वाचली गेली की पुढची अडचण सहीच्या रूपाची. सुरक्षा फ्रेमवर्कची सही डीईआर रचनेत येते, साधारण ७० ते ७२ बाइट, लांबी कमीजास्त होते. क्रिप्टोकिटचं कच्चं रूप मात्र नेमकं ६४ बाइटचं. सर्व्हरवर जेडब्ल्यूटीची (सही केलेल्या टोकनांची) लायब्ररी वापरली असेल तर तिला ६४ च लागतात, सर्वसाधारण क्रिप्टो लायब्ररीला डीईआर. दोन्ही ॲपनी एकच रूप पाठवायचं असं एपीआयच्या करारातच लिहून टाका.

सर्व्हरबाजू:

यात माझ्याकडून दोन गोष्टी. आयओएसवर सहीच्या अल्गोरिदमच्या नावात 'संदेश' आणि 'डायजेस्ट' असे दोन प्रकार असतात. 'संदेश' प्रकार स्वतःच शा-२५६ काढतो. त्याला आधीच काढलेला हॅश दिलात तर हॅशचा हॅश होतो आणि सही कधीच जुळत नाही. दुसरं, बाइट अक्षरांत लिहायचं साधं बेस६४ की यूआरएलसाठीचं बेस६४ हेही ठरवून घ्या. अधिक आणि तिरकी रेघ यांच्या जागी वजा आणि अधोरेखा येतात, त्यामुळे काही विनंत्या चालतात आणि काही पडतात. अशी चूक शोधायला फार वेळ खाते, कारण चाचणीत नेमकी ती अक्षरं आलीच नाहीत तर सगळं ठीक दिसतं.

सही व्यवहाराच्या तपशिलांवर घेणार असाल तर ॲपने जेसन नव्याने बांधून त्यावर सही करू नये. रकान्यांचा क्रम बदलला, एखादी मोकळी जागा वाढली, तरी बाइट बदलतात. सर्व्हरने पाठवलेले बाइट जसेच्या तसे घ्या, त्यातले तपशील पडद्यावर दाखवा आणि त्याच बाइटांवर सही करा.

कळफलक (धागाकर्ती):

६५ बाइटच होते! मथळा जोडल्यावर की वाचली गेली आणि सहीही जुळली. हॅशचा हॅश आमच्याकडे नव्हता, पण करारात आत्ताच लिहून टाकते.

नवी_वाट:

एक मूलभूत प्रश्न. हे सगळं हाताने बांधण्यापेक्षा पासकी (पासवर्डऐवजी कीच्या सहीने लॉगिन) का वापरत नाही? त्यामागचं वेबऑथेन हे २०१९ पासून डब्ल्यूथ्रीसी या वेब मानकांच्या संस्थेचं अधिकृत मानक आहे. चॅलेंज, सही, सार्वजनिक कीची रचना सगळं त्यात ठरलेलं आहे, आणि सर्व्हरसाठी तपासून घेतलेल्या लायब्रऱ्या तयार मिळतात. ६५ की ९१ असा प्रश्नच येणार नाही.

सर्व्हरबाजू:

लॉगिनसाठी पासकीच वापरा, यावर माझं दुमत नाही. मात्र दोन बाबी ध्यानात घ्या. पासकी साधारणपणे वापरकर्त्याच्या क्लाउड खात्यातून त्याच्या इतर उपकरणांवर जाते. म्हणजे 'हाच फोन' याची खात्री त्यातून मिळत नाही, आणि नवीन बोट नोंदवल्यावर ती बादही होत नाही. मोठ्या व्यवहाराला मला त्याच उपकरणातली, त्याच बायोमेट्रिक संचाला बांधलेली की हवी असते. दोन्ही एकत्र नांदू शकतात: आत येण्यासाठी पासकी, मंजुरीसाठी उपकरणात अडकलेली की.

पासकी घेतलीत तर सर्व्हरवर 'वापरकर्त्याची ओळख पटली' हा झेंडा तपासायला विसरू नका. 'वापरकर्ता हजर आहे' हा झेंडा वेगळा, आणि तो बायोमेट्रिकशिवायही लागतो. अँड्रॉइड ॲपकडून आलेल्या उत्तरात मूळस्थान (विनंती कुठून आली ते) वेबसाइटच्या पत्त्यासारखं नसतं, ॲपच्या सहीच्या प्रमाणपत्राचा हॅश असतो. फक्त एचटीटीपीएसचे पत्ते स्वीकारणारा सर्व्हर ते नाकारतो.

नवी_वाट:

उपकरणाला बांधण्याचा मुद्दा पटला.

उलटतपासणी:

आता तुमच्या दुसऱ्या गरजेबद्दल लिहिते. चेहऱ्याच्या जोडणीवर मी दीर्घकाळ काम केलं आहे, आणि या भागात चूक झाली तर दुसऱ्याच माणसाच्या नावाने खातं उघडलं जातं, म्हणून जरा लांबेन.

पुरवठादाराची एपीआय की ॲपमधून आजच काढा. ॲपमध्ये ठेवलेली कोणतीही गोष्ट एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) उघडून वाचता येते, कोड कितीही गुंतागुंतीचा केलात तरी. ती की फक्त तुमच्या सर्व्हरवर, गुपितं ठेवायच्या जागी. ॲपला माणूस पडताळणीच्या पडद्यावर आला की तुमच्या सर्व्हरकडे सेशन (एका पडताळणीची नोंद) मागू द्या. सर्व्हर स्वतःच्या कीने पुरवठादाराकडे सेशन उघडेल, त्याचा क्रमांक तुमच्या वापरकर्त्याच्या खात्याशी स्वतःच्या डेटाबेसमध्ये जोडेल आणि मगच अल्पायुषी टोकन ॲपला देईल. एसडीके त्या टोकनावर सुरू होईल, चित्रण करेल आणि ते पुरवठादाराकडे किंवा तुमच्या सर्व्हरमार्फत पाठवेल. काम संपलं की एसडीके ॲपला काहीतरी निकाल सांगेल. त्या निकालाचा उपयोग फक्त पडदा बदलण्यापुरता. ॲपने सर्व्हरला एवढंच कळवायचं: 'अमुक सेशन संपलं.' मग तुमचा सर्व्हर पुरवठादाराला स्वतः विचारेल, थेट सर्व्हर ते सर्व्हर, आणि निकाल तिथूनच घेईल.

निकाल घेताना सेशन कोणाचं हे तपासा. हल्लेखोर स्वतःच्या चेहऱ्याने, स्वतःच्या खात्यातून यशस्वी सेशन करतो आणि त्याचा क्रमांक दुसऱ्याच्या खात्याच्या विनंतीत घालून पाठवतो. सर्व्हरने फक्त 'हे सेशन यशस्वी आहे का?' एवढंच विचारलं तर उत्तर 'हो' येतं आणि चोर आत जातो. म्हणून सेशन याच खात्यासाठी, याच कामासाठी उघडलं होतं का, आणि आधी वापरलेलं तर नाही ना, हेही बघायलाच हवं.

आता गुण. जिवंतपणाचा आणि जुळणीचा असे दोन गुण असतात, त्यांची सरासरी काढू नका. जिवंतपणा सांगतो की कॅमेऱ्यासमोर खरा माणूस आहे, छापील फोटो किंवा पडदा नाही. जुळणी सांगते की हा माणूस ओळखपत्रावरचाच आहे. दोन्ही वेगवेगळे पास व्हायला हवेत. उंबरठ्याचे आकडे सर्व्हरवर ठेवा, ॲपमध्ये नाही. ॲपमधला आकडा बदलायला नवी आवृत्ती काढावी लागते आणि जुन्या आवृत्त्या मागे राहतात. ज्या फोटोशी जुळवायचं तो सर्व्हरने ओळखपत्राच्या पडताळणीतून घेतलेला असावा. ॲपनेच दोन्ही चित्रं पाठवली तर हल्लेखोर एकाच माणसाचे दोन फोटो पाठवून शंभर टक्के जुळणी मिळवेल.

एक गोष्ट पुरवठादाराला लेखी विचारा. नकली चेहरा ओळखण्याच्या चाचणीचं मानक आयएसओ/आयईसी ३०१०७-३ आहे आणि बहुतेक पुरवठादार त्याचं प्रमाणपत्र दाखवतात. पण त्यात कॅमेऱ्यासमोर धरलेले मुखवटे, फोटो, पडदे येतात. कॅमेरा वगळून बनावट चलचित्र थेट ॲपच्या आत सोडलं तर तो वेगळा हल्ला आहे. त्याला इंजेक्शन म्हणतात आणि त्यासाठी युरोपात सीईएन/टीएस १८०९९ हे तांत्रिक विनिर्देश २०२४ मध्ये आलं. पहिलं प्रमाणपत्र दुसऱ्याची हमी देत नाही. आभासी कॅमेरा, इम्युलेटर (संगणकावरचा आभासी फोन), बदललेलं ॲप हे एसडीके कसं ओळखतं आणि तो निष्कर्ष तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचतो का, हे जरूर विचारा. सोबत तुमच्याकडून अँड्रॉइडवर प्ले इंटेग्रिटी आणि आयओएसवर ॲप अटेस्ट जोडा; ॲप आणि उपकरण खरं असल्याची साक्ष ती देतात. दोन्हींचं उत्तर सर्व्हरवरच तपासायचं.

कळफलक (धागाकर्ती):

सेशनचा क्रमांक दुसऱ्याच्या खात्याला लावायचा मुद्दा आमच्या आराखड्यात नव्हताच, तो लगेच घातला. आणखी एक विचारते. पुरवठादार निकाल वेबहुकनेही (स्वतःहून आमच्या सर्व्हरला विनंती करून) पाठवतो. मग सर्व्हरने स्वतः विचारायची गरज उरते का?

उलटतपासणी:

दोन्ही ठेवा. वेबहुक उशिरा येतो, दोनदा येतो, कधी येतच नाही. तो आला की निकाल लगेच नोंदवा, आणि ॲपने 'संपलं' म्हटल्यावर तोवर आला नसेल तर स्वतः विचारा. दोन्ही वाटांनी आलेला निकाल एकाच ठिकाणी, सेशन क्रमांकावर एकदाच नोंदला जाईल असं लिहा. वेबहुकवरची एचमॅक सही (सामायिक गुपितावरून काढलेली) आलेल्या कच्च्या बाइटांवर तपासा. जेसन वाचून पुन्हा लिहिलेल्या मजकुरावर तपासली तर ती जुळणार नाही. तुलनेलाही स्थिर वेळ घेणारं फंक्शन वापरा.

पायाभूत_मजला:

सर्व्हरच्या पुढे जो एनजिनएक्स (विनंत्या आधी घेऊन सर्व्हरकडे देणारा प्रोग्राम) बसलेला असतो त्याबद्दल कोणी बोललं नाही. त्याची विनंतीच्या आकाराची मूळ मर्यादा १ मेगाबाइट असते. चेहऱ्याचं चित्रण तुमच्या सर्व्हरमार्फत जाणार असेल तर ती मर्यादा सहज ओलांडली जाते आणि ४१३ (विनंती फार मोठी) ही त्रुटी येते. बेस६४ केलं तर आकार तिसऱ्या हिश्श्याने वाढतो, म्हणून शक्य तिथे मल्टिपार्ट किंवा कच्चे बाइट पाठवा. मर्यादा फक्त त्या एका पत्त्यापुरती वाढवा, सगळ्या एपीआयसाठी नको.

अँड्रॉइड इम्युलेटरवरून तुमच्याच संगणकावरच्या सर्व्हरला लोकलहोस्ट म्हणून गाठता येत नाही, तिथे १०.०.२.२ हा पत्ता लागतो. अँड्रॉइड ९ पासून साधं एचटीटीपी मुळातच बंद आहे, ते फक्त डीबग आवृत्तीच्या नेटवर्क संरचनेत उघडा. डीबगमध्ये चालणारं एसडीके रिलीजमध्ये कोसळलं तर आधी आर८ वर (रिलीजचा कोड छाटणाऱ्या साधनावर) संशय घ्या, एसडीकेचे वर्ग न छाटण्याचे नियम टाकायचे राहून गेलेले असतात. आणि एसडीकेचा परवाना ॲपच्या ओळख-नावाला बांधलेला असेल तर डीबगसाठी नावाला जोडलेल्या शेपटीमुळे तो नाकारला जातो.

साठवण_नको:

या चित्रांचं पुढे काय होतं? आमच्या जुन्या प्रकल्पात 'पुढे कधीतरी लागेल' म्हणून सगळे चेहरे साठवत होते.

उलटतपासणी:

साठवू नका. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. निकाल, दोन्ही गुण, सेशन क्रमांक, त्या वेळचे उंबरठे आणि एसडीकेची आवृत्ती एवढं ठेवलं तर पुढे वाद झाल्यावर काय घडलं ते दाखवता येतं. चित्र ठेवणं कायद्याने किंवा तपासासाठी खरंच आवश्यक असेल तर वेगळ्या जागी, वेगळ्या कीने कूटबद्ध करून, मुदत घालून ठेवा, आणि मुदत संपल्यावर ते खरोखर पुसलं जातं याची चाचणी लिहा. पुरवठादाराकडे किती काळ राहतं हेही करारात पक्कं करा. लॉगमध्ये विनंतीचा पूर्ण मजकूर छापला जातो का ते आजच तपासा. बेस६४ मधला चेहरा लॉगमध्ये पडून राहिलेला मी पाहिला आहे, आणि लॉग वाचायची परवानगी डेटाबेसपेक्षा कितीतरी जास्त लोकांना असते.

शांत_प्रवाह:

एक विनंती. पडताळणी फसलेल्या माणसाला 'अयशस्वी' एवढंच दाखवू नका. प्रकाश कमी आहे, चेहरा चौकटीबाहेर आहे, कॅमेऱ्याची परवानगी नाही ही कारणं एसडीके देतं, ती माणसाच्या भाषेत सांगा. मात्र जुळणी किती गुणांनी हुकली ते ॲपकडे पाठवू नका, हल्लेखोर त्यावरून आपला नकली चेहरा सुधारत जातो. आणि ज्यांची बोटं कामाने झिजली आहेत, ज्यांना डोकं वळवणं किंवा डोळे मिचकावणं जमत नाही, त्यांच्यासाठी माणसाकडून होणारी पडताळणी पहिल्या दिवसापासून ठेवा. माझ्या आईचं बोट एकाही यंत्रावर नीट लागत नाही. दर वेळी तिला 'पुन्हा प्रयत्न करा' वाचावं लागतं आणि ती खजील होते. दोष तिचा नसतो.

हिरवा_रोबोट:

शांत_प्रवाह यांना पूर्ण अनुमोदन. त्यालाच जोडून: अँड्रॉइडवर पाच वेळा चुकलं की ३० सेकंदांची बंदी लागते आणि त्याचा त्रुटीसंकेत वेगळा येतो. माणसाने स्वतः 'रद्द' दाबलं त्याचाही वेगळा. बोट चुकणं, बंदी आणि रद्द हे तिन्ही एकाच संदेशात कोंबू नका.

कळफलक (धागाकर्ती):

आईच्या अनुभवाबद्दल आभार, पर्यायी वाट आता आमच्या पहिल्याच टप्प्यात घेतली आहे. शेवटचे दोन प्रश्न. नोंदणीच्या वेळी ॲप सार्वजनिक की पाठवतं, ती खरंच सुरक्षित हार्डवेअरमधली आहे हे सर्व्हरला कसं कळणार? आणि माणसाने फोन बदलला तर काय? जुनी की गेलेली, नवीवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

सर्व्हरबाजू:

पहिल्याचं उत्तर अँड्रॉइडवर की अटेस्टेशन. की बनवतानाच सर्व्हरचं चॅलेंज द्या, फोन प्रमाणपत्रांची साखळी देईल. सर्व्हरने ती गूगलच्या मूळ प्रमाणपत्रापर्यंत तपासायची, रद्द झालेल्यांची यादी बघायची, आणि आतलं वाचायचं: चॅलेंज तेच आहे का, की हार्डवेअरमधली आहे की नुसती सॉफ्टवेअरमधली, वापराला ओळख आवश्यक आहे का, ॲपचं नाव आणि सही आपलीच आहे का. हे सगळं सर्व्हरवर. ॲपने स्वतः तपासून 'ठीक आहे' सांगायला लागलं तर आपण पुन्हा धाग्याच्या पहिल्या पोस्टवर येतो.

आयओएसवर तुम्ही बनवलेल्या एन्क्लेव्हमधल्या कीचं असं थेट प्रमाणपत्र मिळत नाही. तिथे ॲप अटेस्टची वेगळी की असते, आयओएस १४ पासून. तिने तुमच्या नव्या सार्वजनिक कीवर आणि सर्व्हरच्या चॅलेंजवर मिळून सही घ्यायची. ती की हार्डवेअरमध्ये आहे हे यातून सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते एवढंच, की आपल्याच न बदललेल्या ॲपने, खऱ्या ॲपल उपकरणावरून ही की पाठवली. व्यवहारात तेवढं पुरतं. सिम्युलेटरवर ॲप अटेस्ट चालत नाही, चाचणीला खरा फोन ठेवा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच दुसऱ्या गरजेत आहे. फोन बदलला तर नव्या कीसाठी चेहऱ्याची पडताळणी पुन्हा घ्या, पहिल्या नोंदणीत जुळलेल्या ओळखपत्राच्या फोटोशी. त्यासाठी त्या फोटोचा साचा ठेवावा लागेल. तो ठेवायचा की ओळखपत्र पुन्हा मागायचं हा निर्णय उलटतपासणी यांनी साठवणीबद्दल लिहिलं आहे ते लक्षात घेऊन करा. मी ओळखपत्र पुन्हा मागतो. फक्त एसएमएसच्या संकेतावर नवी की नोंदवू नका, नाहीतर एवढ्या कष्टाने बांधलेलं सगळं त्या एका संदेशाइतकंच मजबूत राहील. नवी की नोंदताच जुनी रद्द करा, खात्याच्या सगळ्या माहीत असलेल्या वाटांवर कळवा, आणि पहिले काही तास मोठ्या व्यवहारांना मर्यादा घाला. खरा मालक झोपेत असेल तर जागा होईपर्यंत त्याला वेळ मिळतो.

कळफलक (धागाकर्ती):

ओळखपत्र पुन्हा मागायचं ठरवलं. अटेस्टेशनची साखळी तपासायचं काम सर्व्हर पथकाने घेतलं आहे आणि एपीआयचा करार आज त्यांच्याकडे गेला: चॅलेंज माग, की नोंदव, सही दे, सेशन माग, सेशन संपलं. 'पडताळणी झाली' हा रकाना त्यात कुठेच नाही. जोडणी चाचणीला गेली की जे अडेल ते इथेच लिहीन.